शुक्रवारी संध्याकाळी मुली यायच्या

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारआधीचा शुक्रवार आला की पाच वाजल्यापासूनच आमच्या गल्लीच्या तोंडाशी बायका जमायला लागायच्या. कुणी चहाचं आधण गॅसवर ठेवून आलेली, कुणाच्या हाताला पीठ तसंच. इस्लामपूरची गाडी लागली का? तासगावच्या पोचल्या का? जतच्या मुलींना यायला अंधार होणार, त्यांना घ्यायला स्टँडवर कोण गेलंय? मग कोपऱ्यावरून पाठीला सॅक लावलेल्या, दोन वेण्या वर बांधलेल्या मुलींची रांग दिसायची. पुढे त्यांचे सर, नाहीतर बाई. रांग दिसली की मी वही उघडायची.

हे १९९७ पासूनचं. सांगलीच्या गावभागातलं आमचं मंडळ तोवर गणपती आणि मुलांची कबड्डी एवढंच करायचं. चौदा वर्षांखालच्या मुलींची खो-खो स्पर्धा घेऊ या, असं आम्ही चौघींनी बैठकीत मांडलं तेव्हा उत्तर आलं, "घ्या की. रविवारी सकाळी दोन सामने घ्या, मुलांची फायनल सुरू व्हायच्या आत." आम्हाला दोन सामने नको होते. अख्खं मैदान हवं होतं, तेही दोन दिवस. महिलांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९६०-६१ साली कोल्हापुरात, म्हणजे इथून तास-दीड तासावर झालेली, आणि आमच्या गल्लीतली मुलगी सातवी झाली की मैदानावर दिसेनाशी व्हायची. हे आमच्या मनाला लागलं होतं. तीन बैठका झाल्या, शेवटी मैदान मिळालं. दुसरा शनिवार निवडला, कारण पंचांपैकी बरेच सरकारी नोकरीतले आणि त्यांना त्या दिवशी सुट्टी.

पहिल्या वर्षी आठ संघ आले. मुलींना उतरायला एका शाळेच्या दोन खोल्या ठरल्या होत्या. गुरुवारी रात्री निरोप आला, खोल्या मिळणार नाहीत. शहाण्णव मुली आणि उतरायला जागा नाही! मी रडकुंडीला आले होते. तेव्हा शिवणकाम करणाऱ्या आमच्या काकू म्हणाल्या, "अगं, लेकी माहेराला आल्या तर लॉजवर उतरवतो का आपण? दोन मला दे." मग पलीकडच्या वाड्यातून हाक आली, "चार इकडं." अर्ध्या तासात शहाण्णव मुलींची घरं ठरली. पुढच्या वर्षी एक चांगला हॉल फुकट मिळत होता. गल्लीतल्या बायकांनी तो घेऊच दिला नाही.

वहीत चार रकाने असायचे. मुलीचं नाव, गाव, कोणाच्या घरी, आणि शेवटच्या रकान्यात जे काही सांगण्यासारखं असेल ते. "शेंगदाणे चालत नाहीत." "मोठ्या बहिणीबरोबरच ठेवा." "पाळी आली आहे, काकूंना सांगितलं." हा शेवटचा रकाना मी स्पर्धेच्या नियमांइतकाच नीट भरायची. घर सोडून पहिल्यांदाच बाहेर राहणारी मुलगी शनिवारी सकाळी मैदानावर कशी उतरते, हे शुक्रवारी रात्री ती कशी झोपली यावर असतं. सरावाच्या पद्धतींवर पुष्कळ बोललं जातं, यावर कमी.

मैदान तयार करायचे ते आमचे सर. स्वतः खो-खो खेळलेले, नंतर आयुष्यभर पंचगिरी केलेले. आठवडाभर आधी माती उकरायची, चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. मुली अनवाणी खेळायच्या, म्हणून शुक्रवारी दुपारी सर स्वतः चपला काढून सगळ्या मैदानावरून सावकाश चालत जायचे. तळव्याला टोचलेला एकेक खडा उचलून खिशात टाकायचे. मग दोरी धरून फक्की मारायची, पाट्या आखायच्या, खांब रोवायचे. खांबावरून ते तळहात फिरवायचे, कुठे कुसळ राहिलंय का बघायला. "पोरगी खांबावर झेप घेते तेव्हा हाताकडं बघत नसते," म्हणायचे.

शनिवारी सकाळी सामन्याआधी सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, मुलींचे कान, गळा, हात बघायचे. दागिना घालून खेळायचं नाही. मग डूल, रिंगा, एखादीच्या गळ्यातला ताईत असं सगळं काढून ती मुलगी ज्यांच्या घरी उतरलेली त्या काकूंच्या हातात यायचं, आणि काकू ते पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायच्या. मैदानाच्या कडेला ओळीनं बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या पदराला दोन-दोन, तीन-तीन गाठी. सामना रंगला की त्या गाठी मुठीत घट्ट धरलेल्या असायच्या. खो-खोचं ओ की ठो ठाऊक नसलेल्या बायका दोन वर्षांत अशा तयार झाल्या की "दिशा बदलली, फाऊल दे!" म्हणून पंचांच्या आधी ओरडायच्या.

एक सामना मला अजून जसाच्या तसा दिसतो. २००१ सालची फायनल. जत तालुक्यातल्या एका खेड्याचा संघ. गावात मैदान नाही, देवळापुढच्या मोकळ्या जागेत सराव करून आलेला. शेवटचा डाव, समोरच्या संघाला बरोबरीला एक गडी हवा, दोन गडी मिळाले तर जिंकले. आणि मैदानात जतची एकच मुलगी उरली, पावणेदोन मिनिटं बाकी. हडकुळी, हाताच्या कोपराला जुनी खूण. तिनं साखळी धरली. बसलेल्या दोघींमधून आत, पुढच्या दोघींमधून बाहेर, पुन्हा आत. पाय मातीला लागतात की नाही कळू नये इतकी हलकी. मागून खो आला की तिची मान वळायची, उठणारी कुठल्या बाजूला तोंड करून बसली आहे ते टिपायची, आणि ती दुसऱ्या अंगाला. एकदा खांबाजवळ सापडलीच होती. समोरचीनं सूर मारला, बोटं तिच्या कुर्त्याच्या घडीवरून गेली असं आम्हाला वाटलं. सगळं मैदान गप्प. पंचांचा हात वर गेला नाही. तेवढ्यात ती पलीकडे पोचलेली. वेळाधिकाऱ्यांची शिट्टी वाजली तेव्हा तिला ती ऐकूच आली नाही, ती पळतच राहिली. शिवणकामवाल्या काकू पदराची गाठ मुठीत धरून थेट मैदानात शिरल्या आणि तिला कवेत घेऊन थांबवलं. "झालं गं बाय, झालं. जिंकलीस." त्या रात्री काकूंच्या घरी ती ताटावरच झोपून गेली.

शनिवारी रात्रीचं जेवण मैदानातच. पिठलं, ठेचा, आणि घरटी वीस भाकरी. भाकरीच्या चवडीवरून कुठल्या घरची ते ओळखू यायचं. दिवसभर एकमेकींना बाद करणाऱ्या मुली पंगतीत सरमिसळ बसायच्या. तशीच आमची अट होती, एका संघाच्या दोघींनी शेजारी बसायचं नाही. पुढे त्यांची पत्रं सुरू झाली, मग फोन.

बक्षिसाचं आमचं वेगळं होतं. मोठा चषक शाळेच्या कपाटात जातो, मुलीच्या हातात काय राहतं? म्हणून खेळलेल्या प्रत्येकीला स्टीलचा एक डबा द्यायचा, झाकणावर तिचं नाव घालून. भांड्यांच्या दुकानातले काका शनिवारी रात्रभर मशीन घेऊन बसायचे, मी वहीतून नाव वाचायची आणि ते झाकण फिरवत घालायचे. टिर्र टिर्र आवाज चालूच. घरातल्या भांड्यांवर नाव असतं ते देणाऱ्याचं, नाहीतर वडलांचं, नवऱ्याचं. या झाकणावर मुलीचं स्वतःचं पूर्ण नाव, खाली साल. काही मुली डबा घेताना आधी ते नाव बोटानं चाचपून बघायच्या.

सगळ्याच मुली पुढे खेळल्या असं नाही. नववीत गेली की बंद, असं पुष्कळ घरांत झालं. दरवर्षी वही भरताना गेल्या वर्षीची नावं चाळायची, आणि "यंदा का नाही?" विचारलं की त्यांचे सर खाली बघायचे. एकीसाठी काकू एसटीनं तिच्या गावी जाऊन वडलांशी बोलून आल्या. ती पुढे तीन वर्षं खेळली. दुसऱ्या एकीसाठीही गेलो. उपयोग झाला नाही. ते नाव मी वहीतून खोडलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर. मंडळाच्या खोलीत पाणी छताला लागलं. खांब, फक्कीची पोती, गुणफलक गेले. वह्यांचा गठ्ठा चिखलात सापडला. पानं एकेक सोडवून मी इस्त्री फिरवत वाळवली. शाई पसरलेली, कितीतरी नावं गेलेली. मैदानावर गाळाचा थर. यंदा राहू दे, असं सगळेच म्हणत होते, मीही. नोव्हेंबरात जतहून त्या जुन्या संघाचे सर आले, बरोबर टेम्पोत ज्वारीची पोती आणि दोन नवे खांब. दुष्काळी भागातला माणूस पूरग्रस्तांसाठी ज्वारी घेऊन आलेला. "ताई, पोरी सराव करायल्यात," एवढंच म्हणाले. गाळ उपसायला जुन्या खेळाडू आल्या, कुणी कडेवर लेकरू घेऊन. दुपारी त्याच वहीभोवती बसल्या आणि पुसलेली नावं आठवून आठवून पुन्हा लिहिली. डिसेंबरात स्पर्धा झाली. पुढची दोन वर्षं कोरोनात गेली, ती पानं कोरी आहेत.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची फायनल होती. आम्ही मंडळात टीव्ही लावला. मॅटवरचा वेगवान खेळ, एका वेळी सातच खेळाडू, कुठल्याही दिशेला पळता येणारा वझीर. आमच्या बायका आधी गोंधळल्या, पाच मिनिटांत मुठी आवळून बसल्या. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि कप्तान प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची मुलगी, चषक उचलताना दिसली. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना कमी दिसतं. "कानात काही घातलंय का गं तिनं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, तेव्हा त्यांचा हात आपसूक पदराकडे गेला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, शुक्रवारी संध्याकाळी, जतच्या रांगेच्या शेवटी एक बाई उभी होती. मी वही घेऊन पुढे गेले तर तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकणावर पोचे आलेले, पण नाव आणि २००१ स्पष्ट वाचता येत होतं. कोपराची खूणही तीच. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते, काकूंसाठी. शेजारी तिची मुलगी, बारा वर्षांची, आईचा हात न सोडता उभी.

"काकूंकडंच ठेवा हिला," ती म्हणाली, आणि जरा पुढे वाकून हळू आवाजात, "उशाशी दिवा लागतो तिला. लिहून घ्या तेवढं."

मी शेवटच्या रकान्यात लिहिलं.