जुनी बंदरं बघायची तर जहाजातूनच!

क्रूझ म्हटलं की लोकांना स्विमिंग पूल, कॅसिनो आणि बफेच आठवतो, आणि खोटं कशाला बोलू, ते सगळं असतंच, पण जुनी बंदरं बघायला क्रूझसारखं दुसरं काही नाही असं माझं आता ठाम मत झालंय. ही शहरं बांधलीच मुळी समुद्रातून येणाऱ्या माणसाकडे बघून, मग तो व्यापारी असो नाहीतर हल्ला करायला आलेला.

माल्टाचं व्हॅलेटा घ्या. पहाटेच डेकवर जाऊन उभे राहिलो, अर्धं जहाज झोपलेलं, आणि ग्रँड हार्बरमध्ये शिरलो की दोन्हीकडून पिवळसर दगडाचे बुरूज असे अंगावर येतात की इथे चाल करून यायची हिंमत कोणी कशी केली असेल असं वाटतं. केली होती ना! 1565 मध्ये ऑटोमन सैन्याने वेढा घातला, जवळजवळ चार महिने चालला, सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणारा ख्रिस्ती लढवय्यांचा संघ, टिकले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा प्रमुख ला व्हॅलेट याने समोरच्या टेकाडावर हे नवं शहर वसवायला घेतलं. म्हणजे आपण आत्ता जे बुरूज बघतोय त्यातले काही वेढ्याच्या आधीचे आणि बरेचसे त्या धसक्यातून उभे राहिलेले. धक्क्यापासून वर जायला लिफ्ट आहे, आणि दुपारी बाराला अप्पर बराक्का बागेतली तोफ उडते ती चुकवू नका. इटालियन चित्रकार कॅराव्हॅजिओचं 1608 चं, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र इथल्या सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये आहे, त्यात सांडलेल्या रक्तातच त्याने स्वतःची सही केलीय. गर्दी होती, तरी तिथून पाय निघेना.

माँटेनेग्रोतल्या कोटोरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे शहरापेक्षा पोचण्यातच मजा आहे. डोंगरांच्या मधून आत आत जाणारी खाडी, एका ठिकाणी तर साडेतीनशे मीटरसुद्धा रुंदी नाही आणि एवढं मोठं जहाज त्यातून जातं! पुढे पेरास्ट गावासमोर एक छोटं बेट लागतं, ते खलाशांनी दगड टाकून आणि जुनी जहाजं बुडवून तयार केलं म्हणतात. वरच्या किल्ल्याला साधारण 1,350 पायऱ्या आहेत, उन्हात चढायच्या असतील तर सकाळीच उरका.

पण मला सगळ्यात आवडलं ते क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक, आणि तेही तटबंदीमुळे नाही (ती भारी आहेच, जवळजवळ 2 किलोमीटर). पूर्वेच्या प्लोचे दरवाज्याबाहेर लाझारेटी नावाच्या लांबच लांब दगडी खोल्या आहेत, तिकडे क्रूझचे ग्रुप फारसे फिरकतच नाहीत. 1377 मध्ये या शहराने, म्हणजे तेव्हाच्या रागुझाने, कायदा केला की प्लेगच्या भागातून आलेल्या माणसाने आधी महिनाभर बाहेर थांबायचं आणि मगच आत यायचं. सुरुवातीला जवळच्या बेटांवर ठेवायचे, पुढे या इमारती बांधल्या, कारण समुद्रातून जहाजं यायची आणि डोंगरापलीकडून ऑटोमन मुलखातले तांडे यायचे, दोघांनाही आत घ्यायचं होतं पण रोग नको होता. व्यापार बंद करणं परवडणारं नव्हतं म्हणून थांबवायची व्यवस्था केली, आणि आपण 2020 मध्ये घरात बसून वैतागलो होतो! ऑटोमन सुलतानाला वर्षाला 12,500 डुकाट (तेव्हाची सोन्याची नाणी) खंडणी भरायची आणि स्वतःचं प्रजासत्ताक टिकवायचं असा यांचा खाक्या, तो नेपोलियनच्या काळापर्यंत, 1808 पर्यंत चालला. लाझारेटीत आता प्रदर्शनं, कार्यक्रम होतात. आम्ही तिथे बराच वेळ नुसते फिरत होतो, बाकीचे सेल्फी काढायला स्ट्राडुनवर, म्हणजे शहराच्या मुख्य रस्त्यावर.

तक्रार एकच, वेळ. संध्याकाळी ठराविक वेळेला जहाजावर परत म्हणजे परत, आणि दिवे लागल्यावर ही शहरं कशी दिसतात ते आपल्याला कळतच नाही. त्यात सकाळी हजारो माणसं एकदम उतरतात, म्हणून डुब्रोव्हनिकने 2019 पासून जहाजांच्या संख्येवर मर्यादा आणली ते बरंच झालं.

आणि बुकिंगआधी एक बघा. यादीत व्हेनिस लिहिलेलं असतं, पण 2021 च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना सॅन मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे बरीच जहाजं जवळच्या मार्गेरा या औद्योगिक बंदराला नाहीतर पार लांबच्या राव्हेना शहराच्या बंदराला लागतात आणि पुढे बसने जावं लागतं. नक्की कुठे उतरवणार ते एजंटकडून आधी विचारून घ्या.