१२३४५६७८९८७६५४३२१ : मूळ अवयवांपर्यंत

गेले तीन रविवार मी या सतरा अंकी संख्येवर वही-पेन्सिल घेऊन काम करीत आहे. देवळालीचे गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांपैकी १, १२१, १२३२१ या, केवळ एकांनी बनलेल्या संख्यांच्या वर्गांच्या, देखण्या क्रमात ती नववी येते. नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणले की एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत खाली उतरतात आणि मधल्या उभ्या ओळीची बेरीज नेमकी नऊ भरते. त्यामुळे कुठेही हातचा येत नाही व उत्तर उलटे वाचले तरी तेच राहते. दहा एकांच्या वर्गात मात्र हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर निघते.

अवयव पाडताना मी वर्गमुळापासून सुरुवात केली. १११११११११ म्हणजे १११ × १००१००१; पहिल्याचे ३ × ३७ आणि दुसऱ्याचे ३ × ३३३६६७. खरे काम उरले ते ३३३६६७ मूळ आहे हे सिद्ध करण्याचे. ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागणार होते आणि पहिला रविवार त्यातच गेला.

दुसऱ्या रविवारी वाट सापडली. ३३३६६७ ला भागणारी कोणतीही मूळ संख्या नऊ नवांच्या संख्येलाही भागते, म्हणून तिच्या व्यस्ताच्या आवर्ती दशांशाची लांबी १, ३ किंवा ९ असणार. १ लांबी फक्त ३ ची आणि ३ लांबी फक्त ३७ ची. या दोहोंनी ३३३६६७ ला भाग जात नाही. उरली लांबी ९, आणि फर्माच्या छोट्या सिद्धान्तानुसार ही लांबी मूळ संख्येहून एकने लहान असलेल्या संख्येला भागते, म्हणून अशी विषम मूळ संख्या १८ च्या पटीहून एकने मोठीच असते. अशा १९ पासून ५७७ पर्यंतच्या, ३७ वगळता, सोळाच संख्या आहेत. (मी ४५१ देखील यादीत घेतली होती, ती ११ × ४१ असल्याचे नंतर ध्यानात आले.) १६३ ने भागताना श्वास रोखला गेला, कारण १६३ × २०४७ = ३३३६६१, बाकी केवळ ६. सोळाही भागाकारांत बाकी उरली.

तेव्हा आपल्या संख्येत ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग आहे, आणि तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ आहेत. व्यस्ताची आवर्ती लांबी ९ असलेली ३३३६६७ ही एकमेव मूळ संख्या आहे, हे मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते.

पुढे अकरा एकांची संख्या घेतली आहे. ती २१६४९ × ५१३२३९ अशी फुटते. तिथे २२ च्या पटीहून एकने मोठ्या मूळ संख्याच तपासायच्या असल्याने पहिल्या अवयवाला २३, ६७ व ८९ हे तीनच भागाकार पुरतात, दुसऱ्याला बारा लागतील.