हजेरीपटातला 'आ'

पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत आमची वही कधी पुरती वाळली नाही. मुरशेतहून शेंडीला शाळेत निघायचं ते डोक्यावर घोंगडीची खोळ, पोटाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत दप्तर आणि उजव्या हाताला भंडारदऱ्याचं पाणी. तरी शाई फुटायचीच. घाटघरची पोरं हसायची, "तुमच्याकडं कुठं पाऊस पडतो रं?" नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणवणारं गाव ते, बोलणारच! पण ती वसतिगृहात राहायची, रोजची पायपीट त्यांना नव्हती, हे सोयीनं विसरायची.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 साली पुरं झालं आणि प्रवरेचं पाणी मधे पसरलं. अलीकडं आमचं मुरशेत, पांजरे, उडदावणे. पलीकडं मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. समोर दिसणाऱ्या गावाला जायचं तरी शेंडीवरून वळसा. पलीकडचे दिवे रोज दिसायचे, पण त्या दिव्यांखाली कोण जेवतं हे शाळेत आल्यावरच कळलं. माझ्या बाकावर कोलटेंभ्याचा गडी होता. त्यानं विचारलं, "आमची होळी दिसती का तुला?" त्या शिमग्याला मी पेटतं लाकूड गरागरा फिरवलं. पलीकडंही एक ठिणगी फिरली. "ती मीच फिरवली," असं तो आजही शपथेवर सांगतो. मला शंका आहे.

आता मेअखेरीस काजवे बघायला गाड्यांची रांग लागते. आमच्या लहानपणी हिरड्या-सादड्याच्या झाडांवर तेच काजवे लखलखायचे आणि आम्ही त्याखालून रॉकेलची बाटली घेऊन घरी पळायचो. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, विकून वह्या यायच्या, म्हणून हिरड्याकडं आमचं लक्ष दिवसाच.

जुलैत आवणी लागली की वर्ग निम्मा रिकामा. चिखलात भाताची रोपं लावायला घरात जेवढे हात तेवढे कमीच. आमच्या वर्गशिक्षकांनी कुणाला कधी रागं भरलं नाही. हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणेऐवजी ते पेन्सिलीनं बारीक 'आ' लिहायचे. आवणीचा 'आ'. आवणी सरली की त्याच पोरांना शाळा सुटल्यावर तासभर थांबवून बुडालेलं गणित करून घ्यायचे. कंदिलाची काच स्वतः पुसायचे.

या अंकासाठी शाळेतली जुनी कपाटं उघडली तेव्हा तो हजेरीपट हाती लागला. माझ्या नावापुढं ओळीनं अकरा 'आ'. सर, आता सांगायला हरकत नाही. आमची आवणी सात दिवसांतच उरकली होती. उरलेले चार दिवस मी ओढ्याला खेकडे धरत होतो.