हरेगावला चालत जाताना

गुरुवारी पहाटे साडेचारला नगरच्या चर्चच्या आवारातून आम्ही निघालो, तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. पुढे क्रूस घेतलेली पोरं, मध्ये बायका आणि लहान मुलं, मागे माझ्यासारखी पन्नाशीकडे झुकलेली माणसं आणि सगळ्यांच्या शेवटी सामानाचा टेम्पो. हरेगाव सुमारे ७५ किलोमीटर. तीन दिवस चालायचं, शनिवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, करून परत.

श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव म्हणजे आम्हा मराठी कॅथलिकांची मतमाउली, येशूची आई पवित्र मारिया हिचं तीर्थस्थान. ८ सप्टेंबरला पवित्र मारियेच्या जन्माचा सण असतो. त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी तिथे यात्रा भरते. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून ती पाहिली आहे. पण नगरपासून चालत जायची ही माझी पहिलीच वेळ होती. निमित्त भक्तीचं होतं, हे खरं. पण घरात साडेआठ महिने अबोला होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं, हेही तितकंच खरं.

थोरला बारावीला आहे. सायन्स घेतलं तेव्हा मी मनातल्या मनात इंजिनिअरिंगपर्यंतचा रस्ता आखून टाकला होता. गेल्या नाताळला मिस्सेनंतर आवारात सगळे नातेवाईक केक खात उभे होते. कुणीतरी त्याला विचारलं, "पुढं काय?" तो म्हणाला, "बीएस्सी ॲग्री करायचंय." मी तिथल्या तिथे, पंचवीस-तीस माणसांसमोर बोललो, "याला मातीतच लोळायचं असेल तर माझ्या बापानं कशाला घाम गाळला?" पोरगं लालेलाल झालं. त्यानं हातातला केक परत ताटलीत ठेवला. त्या दिवसापासून माझ्याशी त्याचं बोलणं "हो", "नाही" आणि "मम्मीला सांगितलंय" एवढ्यावर आलं.

माझ्या रागालाही मूळ होतं. माझे आजोबा हरेगावलाच, तिथल्या साखर कारखान्याच्या मळ्यात, उसाला पाणी द्यायला होते. रात्रपाळीला कंदील घेऊन बाऱ्यावर. जमीन कंपनीची, ऊस कंपनीचा, राहायची खोलीसुद्धा कंपनीची. वडील तिथेच जन्मले, मिशनच्या बोर्डिंगात शिकले आणि शिक्षक झाले. आमच्या घरात "शेत" हा शब्द कधी कुणी प्रेमानं उच्चारला नाही. शेत म्हणजे ज्यातून आपण बाहेर पडलो ते. पण हे सगळं मी पोरांना कधी नीट बसून सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते असं, टोमण्यातून.

विळद घाटापर्यंत उजाडलं. तोपर्यंत कुणी फारसं बोलत नव्हतं, फक्त जपमाळ चालू होती. थोरला क्रूसाच्या पोरांत सगळ्यात पुढे. त्याची निळी टोपी मला लांबून दिसत होती. धाकटी आधी माझा हात धरून होती, मग तीही पुढे पळाली. मागे राहिलो मी आणि ही.

माझी बायको कॅथलिक नाही. तिचं माहेर नगरमधलं जुनं प्रोटेस्टंट मिशनचं घराणं. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं, त्या परंपरेतलं. मारियेला हाक मारायची त्यांच्यात रीत नाही. मी पदयात्रेचं काढलं तेव्हा ती म्हणाली होती, "मी नवस बोलणार नाही आणि माळही जपणार नाही. पण तुमच्याबरोबर चालेन." ती खरंच चालली. आम्ही "नमो मारिया" म्हणायचो तेव्हा ती गप्प असायची. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" आलं की तिचा आवाज आमच्यात मिसळायचा. जपमाळेत दर दहा मण्यांनंतर तो एक मोठा मणी येतो. त्या दिवशी मी त्याची वाट पाहायला लागलो.

देहऱ्याच्या पुढे एका शेडमध्ये दुपारी टेकलो असताना मी तिला विचारलं, "लग्नाच्या वेळी तुला वाईट वाटलं होतं का?" एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारत होतो. आमच्याकडे नियम असा आहे की कॅथलिक नसलेल्या व्यक्तीशी लग्न करताना कॅथलिक जोडीदारानं वचन द्यायचं, मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा आणि ती त्याच श्रद्धेत वाढावीत म्हणून शक्य ते सगळं करीन. दुसऱ्यानं काही लिहून द्यायचं नसतं, त्याला फक्त याची कल्पना दिलेली असली पाहिजे. तिला तशी कल्पना दिली होती. मी सही केली, फादरांनी तिला समजावून सांगितलं, तिनं मान हलवली. मी ती मान हलवणं म्हणजे होकार धरून चाललो.

ती बराच वेळ बुटाची नाडी सोडवत बसली. मग म्हणाली, "वाईट नव्हतं वाटलं. पण नंतर एकदा तरी विचाराल असं वाटलं होतं."

एवढंच. पुढची वर्षं तिनं दोन्ही पोरांना सकाळी लवकर उठवून माझ्या चर्चला पाठवलं, त्यांच्या प्रथम कम्युनियनचे पांढरे कपडे शिवून घेतले आणि मग एकटी आपल्या चर्चला गेली. मी ते पाहत होतो आणि घर कसं छान चाललंय म्हणत होतो.

शुक्रवारी सकाळी कृषी विद्यापीठ लागलं. नगर-मनमाड रस्त्यावर महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हद्द बराच वेळ संपत नाही. एरवी गाडीतून दोन मिनिटांत मागे पडते, पायी चालताना तिचं कुंपण सोबतच चालतं. मी निळ्या टोपीकडे पाहत होतो. फाटकासमोर तो थांबला नाही, फक्त चाल मंदावली आणि मान तिकडे वळली ती बऱ्याच वेळानं सरळ झाली. हिनंही ते पाहिलं. ती काही बोलली नाही, मीही नाही.

बोलली ती राहुरीत. दुपारी तिथे विसावा होता. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही काळ या गावात राहिले होते आणि हिच्या माहेरी टिळक म्हणजे घरातलंच माणूस. त्यांची पदं लहानपणापासून तिच्या तोंडी. ती म्हणाली, "टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं काय झालं असेल त्या घरात? ताटातूट झाली, लोकांनी नावं ठेवली, पोर लहान. पण टिळकांनी त्यांना ओढत नाही नेलं. त्या आल्या त्या स्वतःच्या पायानं, स्वतःला पटल्यावर." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुम्हाला पोरगा केक खाता खाता पटवायचा होता."

मी काय बोलणार! ती पुढे म्हणाली, "साडेआठ महिने मी तुमच्या दोघांतली पोस्टमन झालेय. पप्पांना सांग, त्याला सांग. आता माझ्याच्यानं होत नाही."

हे मला कळायला हवं होतं. नवऱ्याचा आणि मुलाचा अबोला घरात फक्त दोघांना सोसावा लागत नाही, त्याचं ओझं तिसरं माणूस उचलतं. माझा राग त्याच्यावर होता, त्याचा माझ्यावर, आणि दमत ती होती. बायबलमधल्या पौलाच्या पत्रात बापांना उद्देशून एक वाक्य आहे: आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं हे त्याच्या अगदी आधी आलंय आणि ते मी घरात कितीदा वाचून दाखवलंय. त्याला लागून असलेली ही ओळ माझ्याकडून कधी मोठ्यानं वाचली गेली नव्हती.

रात्री मुक्काम देवळाली प्रवरेला, एका शाळेच्या वर्गात. उजव्या पायाच्या टाचेला आणि अंगठ्याखाली मोठाले फोड आले होते. मी भिंतीला टेकून मोजा काढायचा प्रयत्न करत होतो, तो चिकटला होता. एवढ्यात थोरला आला. हातात सुई, पांढरा दोरा आणि काडेपेटी. आमच्यातले एक म्हातारे काका दरवर्षी चालतात, त्यांनी त्याला शिकवलं होतं. काही न बोलता तो खाली बसला, माझा पाय उचलून मांडीवर घेतला. मोजा पाण्यानं ओला करून हळूहळू सोडवला. काडीवर सुईचं टोक तापवलं, दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं सुई घालून दुसरीकडून काढली. दोरा आतच ठेवला, दोन्ही बाजूंनी बोटभर सोडून कापला. "पाणी निघून जाईल. कातडं ओढू नका," म्हणाला. साडेआठ महिन्यांतलं हे माझ्याशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य.

त्याची बोटं मी नीट पाहिली. नखांत माती होती. गच्चीवर त्यानं जुन्या डब्यांत मिरच्या-टोमॅटो लावलेत, त्याचीच असणार. हात माझ्या वडिलांसारखे आहेत, रुंद पंजा, आखूड बोटं. दुसरा फोडही त्यानं तसाच ओवला आणि उठून गेला. मला "थँक्यू" म्हणायचं होतं. ते ओठांवर येईपर्यंत तो दाराबाहेर गेला होता.

माळ जपताना येशू आणि मारियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं मनन करायचं असतं, त्यांना आम्ही रहस्यं म्हणतो. शनिवारच्या माळेत आनंदाची रहस्यं असतात. गुरुवारी प्रकाशाची, शुक्रवारी दुःखाची झाली होती. बेलापूरला प्रवरेच्या पुलावर आलो तेव्हा पाचवं रहस्य चालू होतं: हरवलेला येशू मंदिरात सापडतो. मारिया, योसेफ आणि बारा वर्षांचा येशू वल्हांडणाच्या सणासाठी जेरुसलेमला गेले होते. तीसुद्धा वारीच. परतताना ते एक दिवसाची वाट चालून गेले. पोरगं कुठेतरी सोबत्यांत असेल असं दोघं धरून चालले होते. मग शोधाशोध, आणि तीन दिवसांनी तो सापडला. तेव्हा बोलली ती मारिया: तुझा पिता आणि मी कष्टी होऊन तुला शोधत होतो. योसेफ त्या प्रसंगात बोलत नाही. तो शुभवर्तमानात कुठेच बोलत नाही, चारही पुस्तकांत त्याच्या तोंडचा एक शब्द नाही. स्वप्नात सांगितलेलं ऐकतो, उठतो आणि करतो. बायकोला सांभाळतो, बाळाला घेऊन मिसरला निघतो, परत येतो, पोराला शोधायला पुन्हा जेरुसलेमची वाट धरतो.

मी पन्नास वेळा तरी या रहस्यावर प्रवचनं ऐकली असतील. त्या पुलावर पहिल्यांदा "सोबत्यांत असेल" हे शब्द मला लागले. एक अख्खा दिवस! इतकी चांगली माणसं, आणि तीही पोराला गृहीत धरून चालली होती. पण चूक कळल्यावर ती परत फिरली. आल्या वाटेनं.

पूल संपायच्या आत मी पाय ओढत पुढे गेलो. माझा फोड ठणकत होता. क्रूस आता दुसऱ्या मुलाकडे होता, थोरला कडेनं चालत होता. नाताळनंतर या गोष्टीचं कन्फेशन मी केलं होतं. फादरांसमोर गुडघे टेकून कबूल केलं होतं की रागात मुलाचा अपमान केला. क्षमा मिळाली म्हणून हलका होऊन घरी आलो होतो. ज्याचा अपमान केला त्याच्याकडे मात्र गेलो नव्हतो.

"नाताळला आवारात बोललो ते चुकलं माझं," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर बोललो, तेही चुकलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. नदीकडे पाहत दहा-बारा पावलं चालला. मग "हं" म्हणाला आणि माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली.

श्रीरामपूर ओलांडून हरेगावला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. गर्दी, दिवे, मेणबत्त्यांचा वास, आवारात अंथरूण टाकून बसलेली कुटुंबं. मतमाउलीपुढे रांगेत ही माझ्या शेजारी उभी होती. तिनं हात जोडले नाहीत, पण मी मेणबत्ती लावताना वारा येत होता तेव्हा ओंजळीनं आडोसा केला.

रविवारी सकाळी, मोठ्या मिस्सेला अवकाश होता म्हणून मी तिघांना घेऊन जुन्या मळ्याकडे गेलो. कारखाना कधीचा बंद पडलाय. आजोबांची खोली कुठली ते मला नक्की दाखवता आलं नाही, अंदाजानं दाखवलं. त्यांच्या रात्रपाळ्या, कंदील, बाऱ्यावर चावलेला विंचू, वडिलांनी बोर्डिंगला जाताना नेलेली पत्र्याची पेटी, जे आठवेल ते सांगत गेलो. टोमणा न मारता हे सगळं सांगता येतं हे मला तेव्हा कळलं. धाकटी मध्येमध्ये विचारत होती. थोरला ऐकत होता आणि रस्त्याकडेच्या उसाकडे बघत होता.

तिथे उसाचा एक पट्टा पिवळट, गुडघ्याएवढा खुरटलेला होता. आजूबाजूचा ऊस डोक्याच्या वर. तो बांधावरून खाली उतरला, मूठभर माती उचलली, बोटांनी दाबून पाहिली. "पप्पा, हे बघा," म्हणाला. "चोपण झालीय. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून कालव्याचं पाणी इकडं भरपूर. ऊस म्हटलं की पाणी देतच राहायचं. पण काळी जमीन, निचरा नाही. खालचे क्षार वर येतात." त्यानं ढेकूळ माझ्या तळहातावर ठेवलं. ओलं, जड, साबणासारखं बुळबुळीत.

"मग गेली का कामातून?" मी विचारलं.

"नाही ना! चर काढले, जिप्सम टाकलं, ताग नाहीतर धैंचा पेरून फुलोऱ्याच्या आधी गाडला, तर सुधारते. वेळ लागतो फक्त. पणजोबांच्या वेळी..." आणि तो सांगत सुटला. पणजोबांनी रात्रभर दिलेलं पाणी कुठून यायचं, कुठे मुरायचं, चर किती खोल हवेत, कोणत्या दिशेनं. हातवारे करत होता. त्याचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला होता ते आठवेना.

लांबून मिस्सेची पहिली घंटा ऐकू आली. धाकटी चर्चच्या दिशेनं निघालीसुद्धा. ही माझ्या बाहीला हात लावून म्हणाली, "अहो, चला, उशीर होईल."

मी म्हटलं, "थांब जरा. त्याचं होऊ दे."