सावईवेऱ्याहून काशियसला

चवथ आटपली, गणपती पोचवले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता आम्ही दोघी फोंड्याहून निघालो. दोघीही निवृत्त मराठी शिक्षिका, शाळेपासूनच्या मैत्रिणी. लिस्बनला चाललोय म्हटल्यावर शेजारणींनी तिथल्या चर्चेस आणि बाजाराबद्दल विचारलं. आम्हांला मात्र दोन तुरुंग बघायचे होते.

मी काही वर्षं सावईवेऱ्याला शिकवलं. मोहन रानडे याच गावात मराठीचे मास्तर होते. मूळचे सांगलीचे. गोव्यात शिकवायला आले आणि पोर्तुगीजांशी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला झाला, त्यात ते जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन काशियसच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, घराघरांवर तिरंगे लागले, आणि हा माणूस तिकडे आणखी सात वर्षं कोठडीतच होता. सुटला तो जानेवारी १९६९ मध्ये. दरवर्षी मुलांना हे सांगताना माझा आवाज अडखळायचा. ती जागा डोळ्यांनी बघायचीच, असं तेव्हापासून मनात होतं.

मोपाच्या विमानतळावर पाऊस कोसळत होता. मुंबईचं विमान तीन तास उशिरा सुटलं आणि मुंबईत उतरेपर्यंत पुढचं निघून गेलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं सकाळचं तिकीट दिलं, राहायची सोय मात्र नाही. रात्र लोखंडी खुर्च्यांवर काढली. मैत्रिणीचा उजवा गुडघा दुखरा, पाय लोंबकळत ठेवला की सुजतो. माझी पिशवी तिच्या पायाखाली ठेवली. डब्यातल्या नेवऱ्या संपवत आम्ही पहाटेपर्यंत जुन्या विद्यार्थ्यांची नावं आठवत बसलो. तिथवर सगळं बरं होतं.

मग आखातातल्या विमानतळावर सात तास. तिथे दिवस आहे की रात्र तेच कळत नाही, सतत झगझगीत उजेड आणि गार वारा. त्यापुढे आठ तासांचं विमान, दोघींनाही मधल्या जागा, वेगवेगळ्या रांगांत. लिस्बनला उतरलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पासपोर्टची रांग दीड तासाची, आणि रांग संपल्यावर कळलं की सामान आलेलंच नाही. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या मोठ्या बॅगेत होत्या. (कुणी लांब निघणार असाल तर गोळ्या हातातल्या पर्समध्येच ठेवा. चिठ्ठीशिवाय तिथे मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठण्यात आमचा अर्धा दिवस गेला.)

तिथेच, रिकाम्या फिरत्या पट्ट्यासमोर, ती म्हणाली, "तुझ्या हट्टापायी आले मी."

"मग यायचं नव्हतंस," मी म्हणाले.

पन्नास वर्षांच्या मैत्रीत असं कधी बोलले नव्हते. थकवा खरा होता, पण म्हणून ते वाक्य बोलायला नको होतं.

लिस्बनच्या मोरारिया या जुन्या वस्तीतल्या आमच्या खोलीपर्यंत टॅक्सी जाईना. गल्ली अरुंद आणि चढणीची, पायाखाली गुळगुळीत पांढरे दगड. आपल्या पणजीतल्या फोंतायन्यासच्या गल्ल्या आठवतात, पण चढ त्याहून कितीतरी उभा. ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली, माझा हात न धरता. घरमालकीण आमच्यासाठी जागी राहिली होती. तिनं "शाव" म्हणून किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. आपली चावी ती हीच! एरवी या शब्दावर आम्ही अर्धा तास बोललो असतो. फोंडा सोडून चाळीस तास झाले होते. न बोलता झोपलो.

लिस्बन शहराबद्दल फार लिहीत नाही. पाय साथ देत नव्हते, जेवढं ट्राममधून दिसलं तेवढं पाहिलं. तिसऱ्या दिवशी सामान आलं आणि चौथ्या दिवशी बसनं पेनिशला गेलो, साधारण दीड तासाचा रस्ता. तिथला किल्ला समुद्रातल्या खडकावर आहे, वारा माणसाला मागे ढकलतो. १९३४ पासून १९७४ पर्यंत इथे राजकीय कैदी असत. आता तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९४६ साली मडगावला लोहियांची सभा झाली, आणि त्यानंतरच्या धरपकडीत गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना लष्करी न्यायालयानं आठ वर्षांची शिक्षा देऊन इथे आणलं. पुरुषोत्तम काकोडकरांनाही. काकोडकरांचा मुलगा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता, तेच पुढचे अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर.

कैद्यांना घरच्या माणसांना भेटायची खोली अजून ठेवली आहे. मध्ये काच, अलीकडे कैदी, पलीकडे नातलग. पोर्तुगीज कैद्यांच्या बायका, आया गावोगावहून इथे येत. मी त्या काचेशी उभी राहिले आणि मागून आवाज आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच न विचारता, "काकोडकरांना भेटायला कोण येणार गो इतक्या लांब?"

त्या काळी गोव्याहून जहाजानं यायला आठवडे लागत. तीन वर्षांच्या पोराला घेऊन आई कशी येणार?

"मातशें बस," ती म्हणाली आणि बाकावर सरकून मला जागा दिली. मी माफी मागितली. तिनं मान हलवली, तेवढंच.

शेवटच्या दिवशी काशियस. काइश दु सोद्रे स्टेशनवरून लोकल, तेजो नदीच्या काठाकाठानं जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. किल्ला वर टेकडीवर. तिथे आजही तुरुंग चालतो, आत जाता येत नाही, हे आधीपासून ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, भिंतीपर्यंत जायचंच. चढ लांबचा होता. दर शंभर पावलांवर थांबत, या वेळी माझा खांदा धरून, ती चढली. वर उंच भिंत, कुंपण, गाड्यांचा आवाज. आम्ही पाच मिनिटं उभ्या राहिलो. सावईवेऱ्याच्या शाळेतून इथवर आलेल्या मास्तरांचं नाव मी मोठ्यानं उच्चारलं, म्हणजे निदान एकदा तिथे मराठीत ऐकू जावं.

उतरताना पहिल्या वळणावर ती थांबली. मला वाटलं, गुडघा. ती समोर बघत होती, जिथे नदी समुद्राला मिळते तिकडे.

"हांगाच्यान दर्या दिसता गो," ती म्हणाली. मग वळून भिंतीकडे बघितलं. "भितरल्यान दिसतालो काय?"