गिटार घूं घूं करतेय? पिकअप बदलायच्या आधी भिंतीतला प्लग बघा

"दादा, गिटारमधून सारखा घूंsss आवाज येतो, पिकअप बदलू का?" असा मेसेज मला इतक्या वेळा येतो की आता एकदा सगळं नीट लिहूनच ठेवतो. (पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेलं चुंबक आणि कॉइल, तारेच्या कंपनाचा सिग्नल तेच बनवतं.) माझं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं, थांब, अजून एक रुपयाही खर्च करू नकोस. कारण आपल्याकडे हा आवाज बऱ्याचदा गिटारचा नसतोच, घराच्या वायरिंगचा असतो, आणि गिटार बिचारी तो फक्त ऐकवत असते. नवीन शिकणारी पोरं मात्र "माझी गिटारच खराब आहे" म्हणून ती कपाटावर टाकून देतात किंवा निम्म्या किमतीत विकतात, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

आधी आवाज कान देऊन ऐका. आपल्याकडची लाइट २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. जाड, खालच्या पट्टीतला, एकसुरी "हम्म" असेल तर तो ५० किंवा १०० हर्ट्झचा. ओळखायची सोपी खूण सांगतो, सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट दाबून वाजवा, तो जी (G) सूर ९८ हर्ट्झचा आहे, म्हणजे १०० हर्ट्झच्या हमला जवळजवळ लागूनच, आणि ५० हर्ट्झ म्हणजे त्याच्या खालच्या सप्तकातला. हम आणि तो सूर एकमेकांशी जुळले की समजायचं की हे थेट मेन्समधून, म्हणजे घरच्या लाइटमधून, येतंय. (अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्यामुळे तिकडच्या व्हिडिओत हाच हम वरच्या सुरात ऐकू येतो.) दुसरा प्रकार म्हणजे चरचरीत, टोकदार, माशी अडकल्यासारखा बझ. त्यात ५०च्या वरच्या बऱ्याच पटी मिसळलेल्या असतात आणि तो बहुतेक वेळा डिमर, रेग्युलेटर, स्वस्त एलईडी नाहीतर चार्जरमधून येतो. आणि तिसरा साधा "शsss", तो हिस, अँपचा (अँप्लिफायरचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं बटण, वाढवला की येणारच, त्याच्या मागे लागू नका. तार फ्रेटला घासून होणारी खरखर हा तर वेगळाच विषय, ती अँप बंद असतानाही ऐकू येते.

आता शोध. अँपमधून केबल पूर्ण काढा. आवाज तसाच राहिला तर गिटारचा संबंध संपला, अँप नाहीतर लाइट. आवाज गेला तर केबल लावून गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. शून्यावर शांत झालं तर आवाज पिकअप आणि आतल्या वायरिंगकडून येतोय, शून्यावरही चालूच राहिला तर केबल, जॅक किंवा पुढचं काहीतरी. केबल हलवून, वाकवून बघा, दुसरी चांगली केबल लावून बघा. केबलची बाहेरची जाळी प्लगपाशी तुटली की भयंकर मोठा हम येतो, आणि हे फार कॉमन आहे, कारण सगळेच केबल ओढून काढतात. पेडल असतील तर सगळे बाजूला करून गिटार थेट अँपला लावा. एकाच अडॅप्टरवर साखळी करून चालवलेले पेडल, त्यात एखादा डिजिटल डिले असला की बारीक शिट्टीसारखा आवाज हमखास घुसतो, तो पेडल नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला की लगेच कळतं.

पुढची टेस्ट हाताची. व्हॉल्यूम चालू ठेवून तारांना हात लावा आणि काढा. हात लावल्यावर बझ कमी झाला तर चांगली बातमी आहे. तुमचं शरीर आजूबाजूच्या वायरिंगचा बझ अँटेनासारखं गोळा करत असतं, तारा ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य बाजूला, जोडलेल्या असल्या की हात लावताच ते सगळं ग्राउंडला जातं. म्हणजे गिटारची वायरिंग बरोबर आहे, फार तर शील्डिंग (बाहेरचा बझ अडवणारं आतलं धातूचं आवरण) कमी आहे. हात लावून काहीच फरक पडत नाही पण जॅकच्या धातूला बोट लावलं की बझ कमी होतो, असं असेल तर तारांची ग्राउंड वायर तुटलेली आहे. आणि तारांना हात लावल्यावर बझ वाढला, किंवा बोटांना झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथेच बंद करा आणि खालचा अर्थिंगचा भाग आधी वाचा.

ग्राउंड वायरचं एक ताजं उदाहरण सांगतो. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) टाइप गिटार, दुकानात त्याला नवीन पिकअपचा सेट घ्यायला सांगितलेलं. मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं तर स्प्रिंग ज्या लोखंडी पट्टीला अडकवलेल्या असतात, जिला क्लॉ म्हणतात, त्यावर काळ्या वायरचं टोक होतं, आणि त्याभोवती राखाडी, दाणेदार, चमक नसलेला सोल्डरचा गोळा. वरून बघितलं तर जोडलेलं दिसत होतं. पेन्सिलच्या टोकाने वायर हळूच ढकलली की बझ गायब, सोडली की परत हजर. कोल्ड सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, बाकी काही नाही. या गिटारमध्ये सगळं त्या एका वायरवर असतं, क्लॉमधून स्प्रिंग, स्प्रिंगमधून ब्रिज, ब्रिजमधून तारा. क्लॉचा धातू जाड असल्यामुळे तो सगळी उष्णता ओढून घेतो आणि २५ वॉटच्या छोट्या गनने तिथे कोल्ड सोल्डरच बसतो. पॉलिश पेपरने ती जागा चकचकीत घासली, फ्लक्स लावला, ६० वॉटची गन वापरली, सोल्डर पाण्यासारखा पसरला, आणि गिटार शांत. टेलीकास्टर टाइपमध्ये हीच वायर ब्रिजच्या पत्र्याखाली दाबलेली असते आणि लेस पॉल टाइपमध्ये आतल्या भोकातून टेलपीसच्या बुशला टेकलेली. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक ब्रिजला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या रिंगला लावलं की बीप वाजलाच पाहिजे, नाही वाजला तर चोर सापडला. जॅक उलटा जोडलेला असला, म्हणजे हॉट (सिग्नलची वायर) आणि ग्राउंडची अदलाबदल, तर आवाज येतो पण हात लावताच बझ जोरात वाढतो, हेही घरी रिपेअर केलेल्या गिटारमध्ये बरंच दिसतं.

आता मुख्य गोष्ट, अर्थिंग. आपल्या जुन्या चाळी, वाडे, बऱ्याच जुन्या बिल्डिंगसुद्धा, लाइटच्या पॉइंटला तीन भोकं असतात पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. काही ठिकाणी तर कोणीतरी अर्थच्या पिनला न्यूट्रल जोडून ठेवलेला असतो, आणि हे प्रचंड धोक्याचं आहे, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर अँपच्या बॉडीवर, म्हणजे पर्यायाने तुमच्या तारांवर, फेज येऊ शकतो. अर्थ नसली की अँप आणि गिटारचं ग्राउंड हवेत लटकतं आणि मग तुम्ही पिकअप बदला, कॉपर टेप लावा, काही उपयोग नाही. चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्याला मोजून दाखवायला सांगा: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्ही साधारण सारखं दिसलं पाहिजे, न्यूट्रल ते अर्थ जेमतेम एक-दोन व्होल्ट. पण तेवढ्यावर समाधान मानू नका, कारण अर्थला न्यूट्रल जोडलेला असला तरी हे आकडे छानच येतात, म्हणून त्याला प्लेट उघडून हिरवी वायर कुठपर्यंत जाते तेही बघायला लावा. मीठ-कोळशाचा जुना अर्थ पिट (अर्थसाठी जमिनीत केलेला खड्डा) असेल तर एप्रिल-मेमध्ये तो सुकतो, रेझिस्टन्स वाढतो, आणि उन्हाळ्यात बझ का वाढला म्हणून लोक गिटार घेऊन दुकानात जातात. पिटमध्ये पाणी घालायचं काम सोसायटीच्या यादीत असायलाच हवं, ते नुसतं गिटारसाठी नाही, गीझर आणि फ्रिजसाठीही. आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवून घ्याच.

हम घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कापणं किंवा टू-पिन अडॅप्टर लावणं, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हात जोडून सांगतोय. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ मध्ये स्वानसीत स्टेजवर अर्थ नसलेल्या माइकचा शॉक लागून गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार अँप एका बोर्डवर, माइकची सिस्टिम जनरेटरवर, आणि अर्थ कुठेच नाही, असं सर्रास चालतं. तारा हातात आणि ओठ माइकला, मध्ये तुम्ही. गाण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मोजा, काही व्होल्टच्या वर दिसलं तर साउंडवाल्याला थांबवा, कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी चालेल.

हल्ली अर्धी पोरं अँप न वापरता लॅपटॉप आणि इंटरफेसवर (गिटारचा आवाज यूएसबीने लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) वाजवतात, त्यांच्यासाठी वेगळं लिहावं लागेल. टू-पिन चार्जर असेल तर आतल्या फिल्टर कॅपॅसिटरमधून थोडा करंट लॅपटॉपच्या बॉडीवर येत राहतो, त्या झिणझिण्या सगळ्यांना माहीत आहेत, आणि यूएसबीमधून तोच इंटरफेस, केबल, तारा असा प्रवास करतो. टेस्ट एकदम सोपी, चार्जर काढा आणि बॅटरीवर वाजवा. बझ गेला तर गिटार निर्दोष. खऱ्या अर्थवाल्या सॉकेटमध्ये थ्री-पिन चार्जर वापरा, नाहीतर रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. आणि लॅपटॉप एका भिंतीत, स्पीकर दुसऱ्या भिंतीत असं असेल तर ग्राउंड लूप होतो, म्हणजे ग्राउंडला दोन वाटा मिळून त्यातून हम फिरतो, सगळं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घेतलं की बऱ्याचदा तिथेच संपतं.

मग खोलीतले बाकीचे. पंख्याचा जुना गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा माझ्या मते घरातला सगळ्यात मोठा गुन्हेगार, तो वेव्ह कापून पंख्याचा स्पीड कमी करतो आणि ते कापणं गिटारमध्ये चरचर म्हणून येतं. पंखा फुल करा नाहीतर बंद करा, बझ पडला तर तोच. स्टेपवाला कॅपॅसिटर रेग्युलेटर हे करत नाही, आणि फार महागही नाही. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लोडशेडिंगमध्ये बझ दुप्पट, प्युअर साइन वेव्हवर तो त्रास नसतो. तांब्याच्या चोकची ट्यूबलाइट, स्वस्त एलईडी बल्ब, अँपच्या शेजारी ठेवलेला राउटरचा अडॅप्टर, एकेक बंद करत जा. बॅटरीवरचा छोटा अँप कुठून मिळाला तर सगळ्यात भारी, घराचा मेन स्विच बंद करून वाजवून बघा. तेवढ्या शांततेत गिटार कशी वाजते हे एकदा ऐकलं की कोणी तुम्हाला उगाच पिकअप विकू शकणार नाही.

एवढं करूनही सिंगल कॉइल पिकअपचा थोडा हम राहील, तो त्याचा स्वभाव आहे. एक कॉइल आहे, ती आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र पकडणारच. गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरा, एका दिशेला हम जवळजवळ शून्य होतो, तिथे बसून वाजवा, आणि अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब बसा. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावरच हंबकर काढला: दोन कॉइल, वाइंडिंग उलटसुलट आणि मॅग्नेटही उलटसुलट, त्यामुळे बाहेरचा हम एकमेकांना खाऊन टाकतो पण तारेचा आवाज मात्र जमा होतो. आताच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप असाच उलटा असतो, म्हणून स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला हम जातो. पण सिंगल कॉइलची ती चमकदार, स्वच्छ टोन मला फार प्रिय आहे, थोड्या हमसाठी ती सोडू नका.

शील्डिंग करायचं असेल तर कॉपर टेप घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते, ऑनलाइन पण मिळते, फक्त चिकट बाजूसुद्धा करंट वाहून नेणारी हवी. कॅव्हिटीच्या (गिटारच्या आतल्या पोकळीच्या) भिंती, तळ आणि पिकगार्डची (वरच्या प्लास्टिकच्या पट्टीची) मागची बाजू, सगळे तुकडे एकमेकांना बीप देतात का ते बघून ग्राउंडला जोडा. जॅकपाशी हॉटची पट्टी टेपला टेकणार नाही इतकी जागा सोडा, टेकली तर आवाजच बंद. किचनमधल्या ॲल्युमिनियम फॉइलला साधा सोल्डर धरत नाही, म्हणून मी ती वापरत नाही. टेपने चरचरीत बझ जातो, चुंबकीय हम जात नाही, एवढं डोक्यात ठेवून पैसे घाला.

व्हॉल्व्ह अँप स्वतःच १०० हर्ट्झवर गुरगुरत असेल तर फिल्टर कॅपॅसिटर म्हातारे झालेत, तो जाणकाराकडे द्या, घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत कित्येकशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. आणि नॉइज गेट घ्यायचा तर सगळ्यात शेवटी. गेट फक्त तुम्ही वाजवत नसताना आवाज बंद करतो, सूर चालू असताना हम खालून तसाच वाहत असतो. थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट बंद होतो ती) इतकाच ठेवा की लांबवलेला सूर मध्येच तुटणार नाही.