पायली, मापटं आणि चौथीचे अपूर्णांक

परिसराशी जोडून शिकवा, गावातलं ज्ञान वर्गात आणा हे आता प्रत्येक ट्रेनिंगला सांगतात, 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात होतं, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे. पण बऱ्याच ठिकाणी होतं काय, तर एक दिवस जातं, सूप, पाटा-वरवंटा मांडायचा, पोरांना फेटे बांधायचे, फोटो ग्रुपवर टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी परत फळ्यावर पिझ्झाचे चार तुकडे. मला हे अजिबात पटत नाही. त्या वस्तूमुळे धडा जास्त चांगला कळणार असेल तर ती वर्गात आणावी, नुसती शोभेला कशाला?

आता अपूर्णांकच घ्या. चौथीतल्या पोरांना एक छेद चार मोठा की एक छेद आठ असं विचारलं की निम्मा वर्ग आठवाला म्हणतो, कारण आठ मोठा ना! आणि याचं उत्तर गावात घराघरात माळ्यावर पडलेलं असतं, धान्य मोजायची जुनी मापं. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी आणि दोन अडशेऱ्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या बरोब्बर दुप्पट. शेर म्हणजे एक धरला तर मापटं अर्धा, चिपटं पाव, कोळवं एक अष्टमांश आणि निळवं एक सोळांश, सगळा धडा आलाच की यात.

आमच्या वर्गातल्या एका पोरीची आज्जी तिच्याकडची मापं घेऊन आली, खाली सतरंजी टाकली आणि ज्वारीचा ढीग केला. मोजायला लागली तर पहिल्या मापाला एक म्हणेचना, "लाभ" म्हणाली, मग दोन, तीन. पोरं खूश. एकानं विचारलं, "आज्जी, वर शीग ठेवायची का सपाट करायचं?" शीग म्हणजे मापाच्या काठावर येणारा धान्याचा ढीग. आज्जी म्हणाली, "द्यायचं तर शिगेनं द्यावं रं बाळा, पण बाईंचं गणित हाय, सपाट कर." मग पोरांनी स्वतः हात फिरवून सपाट केलं, चार चिपटी ओतली आणि शेर काठोकाठ भरला. कोळवं आणि चिपटं शेजारी शेजारी ठेवल्यावर आठवा भाग लहान का हे कुणाला सांगावं लागलं नाही.

खरी मजा पुढं आली, कारण दुसऱ्या घरातली पायली आणली तर ती पहिलीएवढी भरेना. मग मोठी चर्चा, बाजारात कुणाची पायली खरी मानायची, भांडणं होणार नाहीत का, आणि तिथूनच 1956 च्या कायद्यानं देशभर मेट्रिक मापं का आणली हे सांगता आलं. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भुईमुगाच्या शेंगा दुकानातल्या काट्यावर ठेवल्या की आकारमान ही एक गोष्ट आणि वजन ही दुसरी, हेही समजतं. म्हणून मला वाटतं जुनं ते सगळं बरोबर असं पोरांना सांगूच नये, त्याची तपासणी त्यांनाच करू द्यावी.

हे काही नवीन नाही हो. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि गुरं राखायला जाणारी आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. माँटेसरीची महाग साधनं तिथं कुठून आणणार, मग बिया, पानं, खडे, शिंपले यांच्यावरच शिकवलं. परिसरातून शिकवणं म्हणजे काय हे मला तरी त्यांच्या कामावरून जास्त कळलं.

काही पालक विचारतात की हे परीक्षेत येणार का. निळवं-कोळवं नाही येणार, पण अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा येणारच आहे, आणि तो पाठ करून टिकत नाही.

फक्त दशांश अपूर्णांकाला ही मापं चालत नाहीत, ती सगळी दुपटीची. तिथं मी डेअरीची पावती आणायला सांगते. फॅट 3.5, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) 8.5, लिटर, दर, सगळं पॉइंटमध्ये, आणि फॅट 3.5 वरून 3.2 वर आली की घरात काय बोलणं होतं हे पोरांना पक्कं माहीत असतं.